अमेरिकेतली शहरं: नागपूरकरांनी कुठे खायचं, काय बघायचं, काय घ्यायचं

लेक-जावई सोमवार ते शुक्रवार कामावर आणि नागपूरहून गेलेले आईबाबा न्यू जर्सीतल्या घरात खिडकीपाशी, हे चित्र घरोघरी आहे. मग शनिवारी सगळे मिळून गाडी काढतात. त्या दिवशी इतरांनीही गाड्या काढलेल्याच असतात. पार्किंगला चाळीस-पन्नास डॉलर जातात आणि जे बघायचं त्याची तिकिटं पंधरा दिवसांपूर्वीच संपलेली असतात. कुठे जायचं याची यादी कोणीही देईल. घोडं अडतं ते कोणत्या वारी जायचं, कोणत्या दारानं शिरायचं आणि खिशातून खरे किती जाणार, इथे. ज्यांना बर्डीवर मोर भवनपासून महाराजबागेपर्यंत पायी जायचा कंटाळा येत नाही, त्यांना न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो आठवड्याच्या दिवसांत, मुलांना रजा घ्यायला न लावता, व्यवस्थित फिरता येतात. लॉस एंजेलिस मात्र नाही. ते का, ते पुढे येईलच.

नागपुरातूनच उरकायची कामं

चार गोष्टी आधी बुक केल्याशिवाय भागत नाही: सॅन फ्रान्सिस्कोचा आल्काट्राझ तुरुंग, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या मुकुटापर्यंत चढायचं तिकीट, वॉशिंग्टनचं नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियम आणि लॉस एंजेलिसचं गेटी सेंटर हे कलासंग्रहालय. शेवटच्या दोन ठिकाणी प्रवेश फुकट आहे, पण वेळ ठरलेला पास लागतो. फुकट आहे म्हणून लोक सरळ दारात जाऊन उभे राहतात आणि परत फिरतात. मुकुटाची तिकिटं थोडीच असतात आणि काही महिने आधी जातात. आल्काट्राझसाठी उन्हाळ्यात निदान महिनाभर आधी बघा.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करून घ्या, आणि त्याच पानावर ‘टॅप’ म्हणजे कॉन्टॅक्टलेसचा पर्यायही. हा दुसरा राहून जातो आणि मग न्यूयॉर्कच्या मेट्रोच्या दारात कार्ड चालत नाही. फॉरेक्स कार्ड खरेदीला ठीक आहे. हॉटेल आणि भाड्याची गाडी यांना मात्र अनामत रोखून ठेवायची असते, तिथे क्रेडिट कार्डच बरं. पेट्रोल पंपावर यंत्र पाच आकडी झिप कोड मागतं आणि भारतीय कार्डाचा पिनकोड त्याला कळत नाही. तिथे वाद घालत बसू नका. आत जाऊन काउंटरवर पंपाचा नंबर सांगायचा, ‘चाळीस डॉलर’ म्हणायचं आणि आधी पैसे भरायचे. कमी पेट्रोल बसलं तर उरलेले पैसे कार्डावर परत येतात.

संत्री नेऊ नका. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता सापडले तर दंड होतो. सावजी मसाला, तिखट, कोरड्या चटण्या बंद पाकिटातून, वर नाव छापलेलं असेल तर सहसा जातात. तरी खायचं काही आहे का असं विचारलं तर ‘हो’ म्हणा. लपवण्यानं त्रास होतो, सांगण्यानं नाही.

बूट जुने आणि पायाला बसलेले घाला, कारण न्यूयॉर्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला जात असाल तर जॅकेट हवंच. नवतपा सोसलेल्या माणसाला ‘कॅलिफोर्नियाचा उन्हाळा’ म्हटलं की वेगळंच काही वाटतं, पण तिथे त्या दिवसांत समुद्रावरून धुकं येतं आणि दुपारीही पारा १५-१८ अंशांवर असतो. त्या शहराचे खरे उबदार महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर.

पाटीवरची किंमत आणि हातातून जाणारे पैसे

भारतात छापील किमतीत कर आलेला असतो. अमेरिकेत पाटीवर कराशिवायचा आकडा असतो आणि कर काउंटरवर चढतो. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, न्यू जर्सीत ६.६२५, शिकागोत दहाच्या वर. डेलावेअर आणि ओरेगनमध्ये काहीच नाही. न्यू जर्सीत कपड्यांवर कर नाही, आणि न्यूयॉर्क शहरातही ११० डॉलरच्या खालच्या कपड्यावर किंवा बुटांवर नाही. हा हिशेब प्रत्येक नगावर होतो, एकूण बिलावर नाही. त्यामुळे नव्वद-नव्वदचे तीन शर्ट घेतले तरी कर शून्य.

दुसरा खर्च टिपचा. बसून खायच्या, वाढपी येणाऱ्या हॉटेलात १८ ते २० टक्के टिप ही मेहेरबानी नसते. वाढप्याचा पगार तीच असते असं धरून चाला. न्यूयॉर्कमध्ये बिलावरचा कर दुप्पट केला की साधारण तेवढी टिप निघते, कागद-पेन लागत नाही. टिप कर धरण्याआधीच्या रकमेवर काढायची. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बरीच हॉटेलं ती स्वतःच बिलात घालतात. ‘ग्रॅच्युइटी’ म्हणजे टिपच, ती ओळ शोधा, नाहीतर दोनदा द्याल. काउंटरवर स्वतः घेऊन जायचं असेल, एक कॉफी किंवा एक सँडविच, तर समोरच्या पडद्यावर २०-२५-३० टक्क्यांची बटणं आली तरी ‘नो टिप’ दाबायला लाजू नका. तिथले लोकही दाबतात. टॅक्सीला १५ टक्के, हॉटेलची खोली आवरणाऱ्याला दिवसाला दोन ते पाच डॉलर.

कार्डाचं बिल दोन टप्प्यांत होतं. आधी ते कार्ड नेतात, मग दोन चिठ्ठ्या आणतात. एकीवर टिप आणि एकूण रक्कम हातानं लिहून सही करायची आणि ती टेबलावर ठेवून निघायचं. एकूण रकमेची ओळ कोरी सोडू नका.

काय मागवायचं, आणि ‘व्हेज’मध्ये काय निघतं

शाकाहारी माणसाची फसगत मांसाच्या तुकड्यानं होत नाही, रसानं होते. सूप बहुतेक कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. मेक्सिकन हॉटेलातला घोटलेला राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो आणि लाल भात चिकनच्या रसात शिजलेला असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा असतो, थाई भाजीत फिश सॉस. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफचा स्वाद मिसळलेला असतो. सदरच्या किंवा बर्डीच्या दुकानातल्या सवयीनं तिथे मागवू नका. पेपरोनी म्हणजे मिरची नाही, ते डुकराचं आणि गाईचं सॉसेज आहे. जेलो आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आणि हॅमबर्गरमध्ये ‘हॅम’ नसून बीफ असतं, हे बीफ न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शिकागोचा हॉट डॉग आणि फिलाडेल्फियाचा चीजस्टेक हेही बीफच.

‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हटलं तर अंडं येतं. ‘नो मीट, नो चिकन ब्रॉथ, नो फिश सॉस, नो एग’ असं तोडून सांगावं लागतं. चिपोटले या मेक्सिकन पद्धतीच्या साखळी हॉटेलात भात, काळा राजमा, परतलेली ढोबळी मिरची-कांदा आणि सोफ्रितास नावाचं तिखटसर टोफू, असा वाडगा निर्धास्त खाता येतो आणि एकात दोघांचं भागतं. टॅको बेलमध्ये कुठल्याही पदार्थात मांसाऐवजी ‘बीन्स’ सांगितलं की काम होतं. महामार्गावर रात्री नऊनंतर हीच दोन नावं आठवा.

रात्री नऊ हा आकडा महत्त्वाचा आहे. नागपुरात नऊला जेवायला निघायचा विचार सुरू होतो. अमेरिकेत लहान शहरांत आणि उपनगरांत स्वयंपाकघर त्या सुमाराला बंद होतं. साडेसहाला टेबल धरा. दारात ‘प्लीज वेट टू बी सीटेड’ अशी पाटी असेल तर रिकामं टेबल दिसलं तरी जाऊन बसू नका, नाव सांगून थांबा. पाणी नळाचंच, फुकट, आणि बर्फानं भरलेलं येतं. ‘नो आइस’ आधीच म्हणा. पदार्थाचा आकार मोठा असतो, दोघांत एक मागवा, उरलेलं डब्यात मागा. त्यात कोणालाही काही वाटत नाही.

चहाचं दुःख मात्र आहे. ‘चाय लाटे’ हा गोड, मसाल्याचा वास असलेला दुधाचा पेला आहे, टपरीवरचा चहा नाही. तो हवा असेल तर थेट देशी वस्तीत जा.

न्यूयॉर्क

मेट्रोसाठी वेगळं कार्ड विकत घ्यायची गरज नाही. दारावर बँकेचं कार्ड टॅप करा, एका फेरीला साधारण ३ डॉलर जातात, आणि दोन तासांच्या आत बसमध्ये बदललं तर परत पैसे लागत नाहीत. सात दिवसांत एकाच कार्डावर १२ फेऱ्या झाल्या की पुढच्या फुकट. ही सवलत दोन कारणांनी हुकते. नवरा-बायको एकाच कार्डावर टॅप करतात, किंवा एकदा प्लास्टिकचं कार्ड लावतात आणि एकदा तेच कार्ड फोनमधून. यंत्राला ती दोन वेगळी कार्डं दिसतात. माणशी एक कार्ड, आणि आठवडाभर तेच.

जिन्यावरची पाटी वाचून उतरा. बऱ्याच स्थानकांत ‘अपटाउन’ (उत्तरेकडे) आणि ‘डाउनटाउन’ची (दक्षिणेकडे) दारं रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि आत एकमेकांना जोडलेली नसतात, चुकीच्या दारानं शिरलात की बाहेर येऊन पुन्हा पैसे. एक्सप्रेस गाडी मधली स्थानकं सोडते, तेव्हा आपलं स्थानक नकाशावर पांढऱ्या गोलाचं आहे की काळ्या ठिपक्याचं ते बघा: काळ्या ठिपक्याला फक्त लोकल थांबते. शनिवार-रविवारी रुळांची कामं चालतात आणि गाड्या भलत्याच मार्गानं धावतात, म्हणूनही आठवड्याचे दिवस बरे. आणि भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नका. एसी बंद असतो किंवा वास असतो, तिसरं कारण क्वचितच.

मॅनहॅटनमध्ये अंतर मोजायला सोपं आहे. दोन रस्त्यांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि उत्तर-दक्षिण असे २० ब्लॉक म्हणजे एक मैल. पूर्व-पश्चिम अ‍ॅव्हेन्यूंमधले ब्लॉक मात्र बरेच लांब असतात. ‘तीनच तर ब्लॉक’ म्हणून निघालेल्यांचे पाय तिथेच दुखतात.

स्वातंत्र्यदेवता फुकट बघायची असेल तर साउथ फेरी स्थानकावर उतरून स्टेटन आयलंड फेरी घ्या. चोवीस तास चालते, २५ मिनिटं लागतात, तिकीट नाही. जाताना उजव्या कठड्याशी उभे राहा. पलीकडे सगळ्यांना उतरावंच लागतं. उतरा, फिरून तीच नाहीतर पुढची बोट धरा. या धक्क्याबाहेर जॅकेट घातलेले लोक ‘फेरी तिकीट’ विकतात. फुकटच्या बोटीचं तिकीट विकणाऱ्याला काय म्हणायचं ते ज्यानं-त्यानं ठरवावं. बेटावर उतरायचं असेल तर स्टॅच्यू सिटी क्रूझेस हीच अधिकृत कंपनी.

ब्रुकलिन पूल १८८३चा. चालायचं ते ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे, म्हणजे उंच इमारती समोर राहतात, पाठीमागे नाही. सकाळी आठच्या आत गेलात तर फोटोत दुसरं कोणी येत नाही. रूझवेल्ट आयलंडचा रोपवे मेट्रोच्याच भाड्यात नदीवरून नेतो. आजीआजोबांना उंच इमारतीच्या गच्चीपेक्षा हाच आवडतो, आणि गच्चीचं तिकीट माणशी चाळीस डॉलरच्या पुढे असतं. गच्चीवर जायचंच असेल तर रॉकफेलर सेंटरची घ्या, तिथून एम्पायर स्टेट दिसते. एम्पायर स्टेटवर चढलात तर नेमकी तीच दिसत नाही.

सेंट्रल पार्कजवळच्या सायकलरिक्षांचा दर मिनिटावर असतो. पाटीवर ‘५ डॉलर’ मोठं लिहिलेलं आणि ‘मिनिटाला’ बारीक. तासभर फिरलात तर तीनशे. टाइम्स स्क्वेअरवर बाहुल्यांच्या वेशातले लोक फोटोनंतर पैसे मागतात. भगव्या कपड्यातला कोणी हातात मणी घालू लागला तर हात मागे घ्या.

ब्रॉडवेच्या नाटकांची त्याच दिवसाची तिकिटं टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसच्या खिडकीवर निम्म्या किमतीपर्यंत मिळतात. संगीत नसलेल्या नाटकांची रांग वेगळी आणि लहान असते. बुधवार आणि शनिवारच्या दुपारच्या खेळांसाठी सकाळीच बघा. उशिरा पोचलात तर मधल्या ठरावीक जागेपर्यंत दारातच थांबवतात.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. दीक्षाभूमीच्या शहरातून आलेल्या माणसाला ही जागा स्वातंत्र्यदेवतेपेक्षा जवळची वाटेल. एक नंबरची गाडी, ११६वा रस्ता, स्थानकातून वर आलं की समोरच फाटक. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. मात्र २०२४ पासून आवारात बाहेरच्यांना सरसकट सोडत नाहीत. आधी नोंदणी करता येते का ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून मगच जा, नाहीतर फाटकाबाहेरून नमस्कार करून परतावं लागेल.

खायला: सात नंबर, ई, एफ, एम किंवा आर यातली कुठलीही गाडी धरून क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स–रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूला उतरा (सात नंबरवर त्याचं नाव ७४वा रस्ता–ब्रॉडवे). हे जॅक्सन हाइट्स. फुटपाथवर भाजी, वर साड्यांची दुकानं, मधूनच मोमोंची गाडी. बर्डीची आठवण येईल, फक्त हॉर्न कमी. सात नंबरनंच शेवटच्या फ्लशिंगच्या स्थानकापर्यंत गेलात तर वीसेक मिनिटं चालून बाउन रस्त्यावरचं गणपतीचं देऊळ लागतं. त्याच्या तळघरातल्या उपाहारगृहात डोसा खरोखर चांगला मिळतो, तोही काउंटरवर, म्हणजे टिपची कटकट नाही. मॅनहॅटनमध्येच लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर २८व्या रस्त्याच्या आसपास देशी खानावळी आहेत आणि १९४४ पासूनचं कालुस्त्यान्स हे मसाल्यांचं दुकान.

मराठी घरातलं सामान भरायचं असेल तर न्यू जर्सीतला ओक ट्री रोड. न्यूयॉर्क पेन स्टेशनहून एनजे ट्रान्झिटच्या लोकल गाडीनं मेट्रोपार्कला पाऊण तासात. तिकीट चढण्याआधी काढा, गाडीत काढलं तर जादा आकार लागतो. आणि ॲपवरचं तिकीट गाडी लागल्यावरच ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करा, घरून निघताना नाही.

वॉशिंग्टन

पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त देणारं शहर हे. स्मिथसोनियन या सरकारी निधीवरच्या संस्थेची संग्रहालयं आणि प्राणिसंग्रहालय, सगळं फुकट. बहुतेक संग्रहालयं १० ते साडेपाच उघडी, वर्षात फक्त २५ डिसेंबरला बंद. अपवाद एकच: सरकारचा निधी संसदेत अडला की तीही बंद पडतात, २०२५च्या ऑक्टोबरात तसं झालं होतं. जायच्या आठवड्यात बातम्या बघा.

एअर अँड स्पेसचे पास संपले असतील तर त्याच दिवशी सकाळी साडेआठला काही पास खुले होतात; आठ वीसला फोन हातात घेऊन बसा. तेही हुकलं तर डलेस विमानतळाजवळचं त्याच संग्रहालयाचं दुसरं केंद्र आहे, उड्वर-हेझी. तिथे पास लागत नाही, पार्किंगचे पैसे लागतात, आणि डिस्कव्हरी हे खरं अवकाशयान समोर उभं आहे. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होप हिरा आहे, साडेपंचेचाळीस कॅरटचा, मूळचा गोवळकोंड्याच्या मुलखातला. दार उघडल्या उघडल्या आधी तिकडे जा, अकरानंतर काचेपर्यंत पोचत नाही.

लिंकन स्मारकापासून संसदेपर्यंतचं मैदान दोन मैल लांब आहे आणि मध्ये सावली थोडी. सकाळी संग्रहालयं, संध्याकाळी सातनंतर स्मारकं, हा क्रम ठेवा. स्मारकं रात्रीही उघडी असतात आणि दिव्यांत जास्त चांगली दिसतात. व्हाइट हाउसच्या दक्षिणेला झीरो माइलस्टोन नावाचा कंबरेएवढा दगड आहे. आपल्या झीरो माइलच्या घोड्यांपुढे तो अगदीच किरकोळ आहे, पण नागपूरकरानं तिथे फोटो काढायलाच हवा. मेट्रोचं भाडं अंतरावर असतं, म्हणून बाहेर पडतानाही तेच कार्ड टॅप करायचं.

शहराच्या दक्षिणेला मेरिलँडमधल्या अ‍ॅकोकीक इथे बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा आहे. १४ ऑक्टोबर २०२३ला त्याचं अनावरण झालं. तारीख का निवडली हे नागपुरात सांगावं लागत नाही. तिथे जायला गाडी लागते. आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरकडे उघडण्याची वेळ विचारून मगच निघा.

शिकागो

मे ते ऑक्टोबर, एवढंच. जानेवारीत तळ्यावरचा वारा आणि उणे तापमान हे नागपुरी स्वेटरचं काम नाही. ओहेअर विमानतळावरून निळी मेट्रो थेट शहरात येते, रात्रभर चालते. शहर बघायची उत्तम रीत म्हणजे नदीतली वास्तुकलेची बोटफेरी, दीड तासाची. वरच्या मजल्यावर बसा आणि टोपी घ्या. मिलेनियम पार्कमधला आरशासारखा ‘बीन’ अनिश कपूर यांचा, ज्यांचा जन्म मुंबईचा. तिथून पाच मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ला विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत, आणि बाहेरच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. हे संग्रहालय आठवड्यातले काही दिवस बंद असतं, आधी बघा.

डीप डिश पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो. भूक लागल्यावर नाही, त्याआधी मागवा. एक तुकडा म्हणजे एक जेवण. देशी जेवणासाठी डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यू: लाल मेट्रोनं लोयोला, तिथून १५५ नंबरची बस. आज अमेरिकाभर दिसणारं पटेल ब्रदर्स हे किराणा दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं.

पश्चिम किनारा

सॅन फ्रान्सिस्कोत गाडीत काहीही ठेवू नका. पिशवी नाही, जॅकेट नाही, चार्जरची वायरसुद्धा नाही. काच फोडून नेणं हा तिथला रोजचा धंदा आहे, आणि तो भाड्याच्या गाडीतल्या बॅगांवरच जास्त चालतो. त्यापेक्षा विमानतळावरून बार्ट ही तिथली लोकल गाडी धरा, अर्ध्या तासात शहरात. केबल कारसाठी पॉवेल रस्त्यावर तासभर रांग असते. कॅलिफोर्निया रस्त्यावरची केबल कार घ्या, तीच मजा, रांग नावापुरती. गोल्डन गेटपर्यंत २८ नंबरची बस जाते, पुलावर चालायला पैसे नाहीत. धुकं सकाळी दाट असतं, दुपारी जा. आल्काट्राझची बोट धक्का ३३वरूनच सुटते. ‘आल्काट्राझ व्ह्यू’ म्हणून मिळणारी तिकिटं बेटाला फक्त वळसा घालतात.

लॉस एंजेलिस म्हणजे एक शहर नाही, एकमेकांना चिकटलेली पंचवीस गावं आहेत, आणि त्यांच्यामध्ये ट्रॅफिक. एका दिवशी एकच दिशा: समुद्राकडे गेलात तर सांता मोनिका आणि गेटी, डोंगराकडे गेलात तर ग्रिफिथ वेधशाळा आणि हॉलिवूड. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर गाडीतच बसून राहाल. वेधशाळा आणि गेटी दोन्ही सोमवारी बंद. हॉलिवूडचा ताऱ्यांचा फुटपाथ दहा मिनिटांत उरकेल, त्यावर दुपार घालवू नका. देशी खाणं आणि कपडे आर्टिशियातल्या पायोनिअर बुलेव्हार्डवर.

लास व्हेगासची हॉटेलं २०२५ पर्यंत स्वस्त दिसायची, कारण ‘रिसॉर्ट फी’ हा सक्तीचा जादा आकार दाखवलेल्या दरात धरलेला नसायचा; शेवटचा आकडा बघूनच तुलना करा. तिथून ग्रँड कॅन्यनची सहल विकतात तेव्हा कोणता कडा ते विचारा. पश्चिमेचा, काचेच्या पुलाचा, जवळ पडतो, पण तो हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे आणि राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. चित्रांत दिसतो तो दक्षिणेचा कडा, एका बाजूला साडेचार तास. एका दिवसात करू नका, तिथे मुक्काम करा.

खरेदी

कपडे आणि बुटांसाठी रॉस, मार्शल्स आणि टीजे मॅक्स. ब्रँडचा माल उतरत्या किमतीत, पण साइजची शोधाशोध स्वतः करायची. आउटलेट मॉलला जायचं तर मंगळवार-बुधवारी. पावती जपा, घातलेलं नसेल, लेबल असेल तर साधारण महिनाभरात परत घेतात आणि कारण विचारत नाहीत.

मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर, एअर फ्रायर घेऊ नका. तिथली वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०ची. इतवारीत सॉकेटचा अडॅप्टर मिळेल, पण तो फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, आणि यंत्र पहिल्याच दिवशी जळतं. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर १००–२४० असं छापलेलं असतं, ते चालतात. आयफोन घेताना हे बघा: १४व्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं. आईच्या हातात देणार असाल तर तिला जुनं सिम त्यात घालता येणार नाही. लॅपटॉप फिलाडेल्फियाच्या बाजूला असाल तर डेलावेअरला जाऊन घ्या, कर वाचतो. पर्यटकाला कर परत मिळण्याची सोय टेक्ससचा अपवाद सोडला तर जवळपास नाही.

चॉकलेटं मे महिन्यात आणत असाल तर केबिन बॅगेत, आणि सोनेगावला उतरल्यावर गाडीच्या डिकीत ठेवू नका. ४५ अंशांत दोन किलोचा एकच गोळा होतो. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही.

संध्याकाळ आणि रात्र

मद्यासाठी वय २१, आणि पन्नाशीतल्या माणसालाही ओळखपत्र विचारतात. आधार किंवा फोनमधला फोटो चालेल यावर विसंबू नका, मूळ पासपोर्ट लागतो. तो आतल्या खिशात ठेवा. रस्त्यावर बाटली उघडणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. न्यू ऑर्लिन्सचा फ्रेंच क्वार्टर आणि व्हेगासची स्ट्रिप इथे प्लास्टिकच्या पेल्यातून चालतं, इतरत्र सहसा नाही. कॅलिफोर्नियात बार रात्री दोनला बंद, न्यूयॉर्कमध्ये चारपर्यंत. विनोदी कार्यक्रमांच्या क्लबमध्ये तिकीट दहा-वीस डॉलरचं दिसतं, पण ‘टू ड्रिंक मिनिमम’ म्हणजे दोन पेये घ्यावीच लागतात. ती सरबतं किंवा सोडाही असू शकतात. गांजा बऱ्याच राज्यांत दुकानात मिळतो, पण केंद्राच्या कायद्यानं तो अजून बेकायदा आहे आणि व्हिसावर आलेल्या माणसाला तो महागात पडतो. पोरांना हे निघण्याआधी सांगा.

न पिणाऱ्यांसाठी बेसबॉलचा सामना उत्तम: आठवड्याच्या दिवशी वरच्या मजल्याची तिकिटं स्वस्त, तीन तास, नियम कळले नाहीत तरी चालतं. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात मात्र पारदर्शक पिशवीच नेऊ देतात. मोठी पर्स घेऊन गेलात तर ठेवायला जागा शोधत फिरावं लागतं.

परतीची गाडी आधी बघून ठेवा. न्यूयॉर्कची मेट्रो रात्रभर चालते, बार्टची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते. उबर बोलावलीत तर नंबर प्लेट जुळवा, आणि चढताना आपलं नाव सांगू नका, ‘कोणासाठी आलात?’ असं चालकालाच विचारा. केनेडी विमानतळावर आतच जवळ येऊन ‘टॅक्सी?’ विचारणारा माणूस टॅक्सीवाला नसतो. बाहेरच्या रांगेतली पिवळी टॅक्सी मॅनहॅटनला ठरलेल्या ७० डॉलरमध्ये नेते, वर टोल, अधिभार आणि टिप.